झेरॉक्सवरच खाडाखोड!

सबमिशनची आदली रात्र. ६० जणांना प्रवास आणि खाण्याचा रोजचा खर्च विचारला होता. ज्या ६ जणांनी सांगितलं नाही, त्यांच्यापुढे ९९९ टाकलेलं. ‘आर’मध्ये फंक्शन लिहिलं: ९९९ दिसलं की तिथे ‘एनए’ कर. चालवलं, एरर नाही. सरासरी आली १६३ रुपये. रिपोर्टात लिहूनही टाकली. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘अरे, एवढे पैसे असते तर आपण कटिंग अर्धी अर्धी का पितो?’’

डेटा उघडून पाहिला. सगळे ९९९ जागच्या जागी!

पायथनमध्ये फंक्शनला लिस्ट दिली आणि आत अपेंड केलं, की बाहेरची लिस्टही बदलते. मी त्याच सवयीनं गेलो होतो. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या ऑकलंड विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेल्या ‘आर’चा खाक्या वेगळा. फंक्शनला वही दिली की ते वाचतं मूळ वहीच, पण पेन टेकवायची वेळ आली की आधी झेरॉक्स काढतं. खाडाखोड झेरॉक्सवर. फंक्शन संपलं की झेरॉक्स कचऱ्यात. (ही झेरॉक्स नेमकी कधी निघते ते बघायचंय? ट्रेसमेम वापरा.)

मग उत्तर परत घ्यायचं: खर्च <- साफ(खर्च). केलं, तर अख्खा खर्च गायब, हातात एकच एनए! कारण फंक्शन शेवटच्या ओळीची किंमत परत देतं आणि माझी शेवटची ओळ होती एनए भरण्याची. खाली नुसतं व्हेक्टरचं नाव लिहायला हवं होतं. हे मला कुठल्याच नोट्समध्ये सापडलं नव्हतं, डोकं धरून बसलो.

लाखो ओळींचा डेटा असेल तर या झेरॉक्सा मेमरीला जड जातात. त्यासाठी ‘डेटा.टेबल’ पॅकेज आहे, त्यातलं := थेट मूळ वहीत लिहितं. पण जपून हं! तिथे साध्या <- नं दुसरं नाव दिलं तरी वही एकच राहते. एकीकडे बदललं की दुसरीकडेही बदलतं. वेगळी प्रत हवी तर कॉपी() लिहावंच लागतं. मला तरी आपली झेरॉक्सवाली पद्धत बरी वाटते, निदान मूळ डेटा शाबूत राहतो.

पहाटे ३ वाजता रिपोर्टमधला आकडा बदलला. ७० रुपये.