संशोधन सप्ताह आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

विद्यापीठातील संशोधन लोकांपुढे मांडण्यासाठी वर्षातील काही दिवस राखून ठेवण्याची प्रथा आता आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजीचा. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो, आणि अनेक संस्थांत या दिनाचा पुढे सप्ताह झाला. २०२२ साली २२ ते २८ फेब्रुवारी या काळात देशातील ७५ ठिकाणी एकाच वेळी विज्ञान सप्ताह भरविण्यात आला. नोव्हेंबरात १९ ते २५ या तारखांना जागतिक वारसा सप्ताह येतो. यांखेरीज पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला तालुक्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोचलेली आहे. तेव्हा शिरूर अथवा दौंड येथील श्रोत्याला विद्यापीठीय व्याख्यान ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. विचार करावयाचा आहे तो निराळ्याच मुद्द्याचा. अशा सप्ताहात विद्यापीठाने तालुक्याच्या ठिकाणी नेमके काय आणावे? केवळ निष्कर्ष आणावेत, की ते निष्कर्ष ज्या वाटेने हाती आले ती वाटही दाखवावी?

या प्रश्नाचा विचार करण्यास शिरूर तालुक्यातीलच एक उदाहरण उपयोगी पडते. घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खननास प्रारंभ केला, आणि ते हंगामामागून हंगाम एका तपाहून अधिक काळ चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीचे अवशेष या उत्खननात उजेडात आले. शंभरांहून अधिक घरांच्या जमिनी, धान्य साठविण्याच्या जागा, पाण्याचा पाट, जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे आणि घरांच्या जमिनीखालील दफने असा हा पुरावा आहे. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या जीवनाचे इतके तपशीलवार चित्र क्वचितच दुसऱ्या एखाद्या स्थळाने दिले असेल. दौंड तालुक्यातील वाळकी येथेही त्याच जोर्वे संस्कृतीच्या लोकांची एक लहानशी वस्ती आढळली आहे.

या उत्खननाचा बृहद् अहवाल १९८८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या जगात वावरण्यासाठी ते आवश्यकच होते, आणि मराठीतही या विषयावर लेखन झालेले आहे. तथापि ज्या गावच्या मातीतून हा पुरावा निघाला तेथील माणसापर्यंत त्यातील काय पोचले, हा प्रश्न उरतोच. सर्वसाधारण समज असा की अडचण परिभाषेची आहे. शास्त्रीय शब्द मराठीत नाहीत, म्हणून शास्त्र मराठीत सांगता येत नाही. निदान इनामगावच्या बाबतीत तरी हा समज टिकत नाही. जमिनीत खोदलेल्या धान्याच्या खड्ड्याला ‘पेव’ आणि कामट्यांच्या विणलेल्या मोठ्या कोठाराला ‘कणगी’ हे शब्द घोडकाठच्या वृद्धांस नव्याने शिकवावे लागत नाहीत. जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या उंचवट्याला तर मराठीत फार जुना शब्द आहे: पांढरी. पिकाऊ जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, हा भेद ज्या भाषेने केला तिला उत्खननशास्त्राचा पहिला धडा अवगतच होता असे म्हणावयास हरकत नाही.

खरी अडचण नामांची नसून क्रियापदांची आहे. इनामगाव येथे पाच खोल्यांचे एक घर सापडले. आसपासची घरे बहुधा एका खोलीची. या मोठ्या घराला लागून धान्याचे कोठार. त्यावरून संशोधकांनी असे अनुमान केले की हे घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे. प्रदर्शनातील फलकावर हेच वाक्य ‘हे प्रमुखाचे घर होते’ असे होऊन बसते. फरक एका क्रियापदाचा, परंतु ‘असावे’ या रूपात ‘कशावरून?’ हा प्रश्न जिवंत असतो आणि ‘होते’ म्हणताच तो संपतो. श्रोत्याच्या वाट्याला मग केवळ ऐकून घेणे तेवढे उरते.

वस्तुतः पुराव्याचे बळ तोलण्याची मराठीची शक्ती फार सूक्ष्म आहे. स्वतः पाहिलेल्या गोष्टीस ‘झाले’. पुरावा दुसरा मार्गच ठेवीत नाही तेव्हा ‘झाले असले पाहिजे’. संभव दाट असेल तर ‘झाले असावे’. केवळ शक्यता असेल तर ‘झाले असेल’. आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलेले असेल तर ‘झाले म्हणे’. व्याकरणग्रंथ न वाचलेला मनुष्यही ही रूपे अचूक योजितो. दौंडला आकाश निरभ्र असता भीमेचे पाणी एकाएकी गढूळ होऊन चढू लागले, तर काठावरचा शेतकरी ‘वर पाऊस झाला असला पाहिजे’ असे म्हणतो. ‘पाऊस झाला’ असे म्हणत नाही. दिसणाऱ्या चिन्हावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणे आणि जाताना आपल्या खात्रीचे प्रमाण सांगणे, हीच तर संशोधनाची रीत होय. ती या भाषेच्या नित्य व्यवहारात रुजलेली आहे.

या दृष्टीने इनामगावची हकीकत सांगू लागल्यास ती किती निराळी होते ते पाहावे. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवलेले होते. हे पाहिलेले आहे, म्हणून येथे ‘होते’. प्रौढांच्या दफनांत घोट्याखालील पावले बहुधा तोडलेली आढळतात, हेही पाहिलेले. मृताने घर सोडून जाऊ नये अशी समजूत त्यामागे असावी, येथे ‘असावी’. कालगणनेचे आकडे कोळशातील किरणोत्सर्गी कार्बनाच्या मोजणीवरून ठरतात, म्हणून त्यांमागे ‘सुमारे’ हा शब्द लागतो. अखेरच्या काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शिकारीवरील अवलंबन वाढलेले दिसते. पर्जन्यमान घटले असावे, असे अनुमान त्यावरून केले गेले. ज्या तालुक्याने अवर्षणाच्या झळा वेळोवेळी सोसल्या, त्यातील श्रोत्याला हे अनुमान तपासून पाहण्याची पात्रता आहे. पाऊस घटला की मनुष्य प्रथम काय सोडतो आणि काय धरून ठेवतो, हे त्याने पाहिलेले असते. मात्र त्याच्यापुढे विधान अनुमान म्हणून आले पाहिजे.

यात केवळ सौजन्याचा भाग नाही. पुराव्याचे रक्षणही यावरच अवलंबून आहे. पांढरीची माती घराच्या बांधकामास उपयोगी पडते, धाब्यावर पसरली जाते, शेतातही टाकली जाते. ती नेणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु थर एकदा कालवले की कोणती वस्तू आधीची आणि कोणती नंतरची हे सांगण्याचे साधन कायमचे नष्ट होते. ‘येथे मोठी संस्कृती होती’ एवढेच ज्याने ऐकले, त्याला माती उचलताना थांबण्याचे कारण दिसत नाही, कारण त्याच्या समजुतीने मोलाच्या वस्तू पुण्यास गेल्या आहेत. मोल वस्तूत नसून तिच्या जागेत आहे, हे ज्याला उमगले तोच फावडे बाजूस ठेवील. कायद्याचा फलक जेथे वाचला जात नाही तेथे ही समजूत काम करील.

अवघड विद्या साध्या मराठीत उतरविण्याचा एक मोठा उद्योग दौंड तालुक्यातच होऊन गेला, त्याचेही येथे स्मरण व्हावे. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने संस्कृतप्रचुर भाषा बुद्ध्या टाळली आणि सामान्य स्त्रीला समजेल अशी मराठी योजिली. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम तेथील स्त्रियांनीच केले. १९२२ साली रमाबाईंचे निधन झाले. धर्मविषयक मतभेद बाजूस ठेवूनही या उद्योगापासून घेण्याजोगे एक सूत्र आहे: वाचक कोण हे आधी ठरते, आणि भाषा त्यानुसार ठरते.

तात्पर्य, शिरूर-दौंडकडे येणाऱ्या संशोधन सप्ताहाचे यश मांडवातील गर्दीवरून अथवा फलकांच्या संख्येवरून मोजणे पुरेसे नाही. प्रत्येक फलकावर निष्कर्षासोबत त्याचा पुरावा असावा. पाहिलेले आणि अनुमानिलेले यांची क्रियापदे वेगळी ठेवावीत. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांना द्यावा. आणि पेव, कणगी, पांढरी यांसारखे शब्द श्रोत्यांकडून टिपून घ्यावेत, म्हणजे विद्यापीठही रिकाम्या हाताने परतणार नाही. शेवटच्या दिवशी एखाद्या शाळकरी मुलाने मडक्याच्या खापराकडे बोट दाखवून ‘हे तीन हजार वर्षांचे कशावरून?’ असे विचारले, तर सप्ताह कारणी लागला असे समजावे.