पिसदुऱ्याचं गवत

महामार्ग रुंद करायला टेकडी कापली की उघड्या पडलेल्या थरांकडे पाहून वाचक विचारतात, यात डायनोसॉरची हाडं असतील का? चंद्रपूरपुरतं माझं उत्तर असं: हाडं शोधाच, पण दगडी गोळ्यांवरून नजर ढळू देऊ नका.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला टेकडी कापायचीही गरज पडली नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचा लामेटा थर तिथे शेतातच उघडा पडला आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच इथली हाडं गोळा केली. हाडांसोबत जीवाश्म झालेल्या विष्ठेचे गोळेही होते. भूवैज्ञानिक सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये या गोळ्यांचं वर्णन केलं. पण गोळ्यांच्या पोटात काय आहे, हे जगाला कळायला २००५ साल उजाडलं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यांत गवताचे सिलिकाकण सापडले. धान कापताना पात बोटाला चिरते, ती याच सिलिकामुळे. पात कुजून जाते, कण मात्र कोट्यवधी वर्षं टिकतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखू येतो. इथे तर किमान पाच प्रकार निघाले, तेही साडेसहा कोटी वर्षांहून जुने! गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यावर, ही तोवरची समजूत मोडली.

‘डायनोसॉर गवतावर जगत’ असा अर्थ मात्र कुणी काढू नये. त्याच गोळ्यांत ताडकुळातल्या आणि सूचिपर्णी झाडांचेही अवशेष आहेत. हे गोळे टाकणारे बहुधा टायटॅनोसॉर गटातले डायनोसॉर असावेत, आणि मिळेल ते खाणाऱ्या त्या प्राण्यांच्या ताटात गवत हा एक घास होता. खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे. भारत तेव्हा बेट होता. त्यावर इतकी विविध गवतं होती, म्हणजे भारत इतर खंडांपासून तुटण्याआधीच गवताचं कूळ फांदावलं असावं. २०११ मध्ये तर याच चमूने धानाच्या गटातल्या गवतांच्या खुणाही दाखवल्या. मूल-सिंदेवाहीच्या बांध्यांतल्या पिकाचे इतके जुने सोयरे याच जिल्ह्यात निघावेत, याचा मला फार आनंद वाटतो.

म्हणून रस्त्याची कड सिमेंटने झाकण्याआधी ती भूवैज्ञानिकांना दाखवायलाच हवी. आणि गोळा दिसला तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. थरातून सुटलेल्या गोळ्याचं वय ठरवणं फार अवघड होऊन बसतं.