चेहऱ्यावरील सूक्ष्म विद्युतप्रवाह आणि अर्दिताचा रुग्ण

लग्नसराई जवळ आली की वर्ण्य चिकित्सेसाठी येणाऱ्यांची संख्या वाढते, हे व्यवसायबंधूंस सांगावयास नको. अलीकडे मात्र कुंकुमादी तेलाच्या बाटलीसोबत पर्समधून मुठीत मावणारे, धातूचे दोन गोल असलेले एक यंत्रही बाहेर येते. परदेशस्थ नातलगाने पाठविलेले, नाहीतर ऑनलाइन मागविलेले. "डॉक्टर, याने गाल वर उचलले जातात म्हणे. तेल लावून फिरवू का?" महाद्वार रोडवरील औषधी दुकानदारांनीही अशा प्रश्नाची तयारी ठेवावी.

तेलावर ते चालत नाही. तेल विद्युतप्रवाह अडविते. म्हणूनच यंत्रासोबत जलयुक्त जेल देतात. चेहरा धुऊन तेलाचा अंश घालवावा, जेल लावावे, ते ओले असेतोवर यंत्र फिरवावे, पुन्हा धुवावे आणि मग तेल लावावे. जेल वाळले की प्रवाह नीट जात नाही आणि त्वचेस टोचल्यासारखे होते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाबद्दल सांगितलेला क्रम येथे सहज आठवतो: लेप वाळू देऊ नये, वाळल्यास तो कांती बिघडवितो, ओला करून काढावा व शेवटी अभ्यंग करावा. कारणे अर्थातच वेगळी आहेत. परंतु रुग्णास समजावून सांगताना हा क्रम फार उपयोगी पडतो.

आता लाभाविषयी. या यंत्रांतील प्रवाह १ मिलिअँपिअरहूनही कमी असतो. भौतिकोपचारात स्नायू आकुंचित करण्यासाठी वापरला जाणारा प्रवाह सामान्यतः याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे "चेहऱ्याचा व्यायाम" ही जाहिरातीतील भाषा आम्हांस पटत नाही. तालमीच्या या गावात व्यायाम म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. विक्रेते ज्या संशोधनाचा वारंवार दाखला देतात, ते १९८२ सालचे असून उंदरांच्या त्वचेच्या तुकड्यांवर केलेले होते. त्यात ५०० मायक्रोअँपिअरच्या सुमारास एटीपीची निर्मिती वाढलेली आढळली. १००० च्या पुढे हा लाभ टिकला नाही. त्यावरून जिवंत माणसाच्या गालाविषयी निष्कर्ष काढणे ही फार लांबची उडी होय. अमेरिकेच्या एफडीएने अशा काही यंत्रांना घरगुती वापरासाठी दिलेली मान्यता ही पूर्वी विकल्या जाणाऱ्या तत्सम यंत्रांशी तुलना करून दिलेली असते. वापरानंतर दिसणारा ताजेपणा खोटा नव्हे, पण तो टिकत नाही. यंत्र बंद केले की चेहरा हळूहळू पूर्ववत होतो.

पेसमेकर बसविलेले, अपस्माराचे किंवा कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भिणी यांनी ते वापरू नये. गळ्याच्या मध्यभागी, थायरॉईडवर, ते कोणीच फिरवू नये. दुकानदार बंधूंसाठी एक सूचना: ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांनी वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेले कोणतेही यंत्र विकण्यापूर्वी एमडी-४२ नोंदणी घ्यावी. ही तरतूद २०२२ पासून लागू आहे.

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळ्याच ग्राहकाची. "एक गाल लोंबतो आहे, यंत्र द्या" असे म्हणणाऱ्याचा गाल कधीपासून लोंबतो, हे प्रथम विचारावे. वयाने येणारे शैथिल्य बहुधा दोन्ही बाजूंस आणि वर्षानुवर्षे येते. एका रात्रीत एकाच बाजूस आले असेल, तर तो अर्दित समजावा. त्यास दोन्ही हात उचलावयास सांगावे, एक वाक्य बोलावयास लावावे, कपाळास आठ्या घालावयास सांगावे. हात गळत असेल, जीभ अडखळत असेल, किंवा चेहरा वाकडा असूनही कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडत असतील, तर पक्षाघाताचा संशय धरून सीपीआर किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ धाडावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि ही चिन्हे नसली तरी रुग्णास मोकळे सोडू नये. बेल्स पाल्सीत स्टेरॉइडचा लाभ पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास मिळतो, म्हणून त्यासही त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. नस्य, मूर्धतैल, तर्पण हे चरकोक्त उपक्रम आपण त्यानंतर योजू शकतो. विद्युत्-उत्तेजनाने बेल्स पाल्सी लवकर बरी होते, असे २०११ च्या कॉक्रेन समीक्षेतही सिद्ध झाले नाही. तेव्हा त्यासाठी यंत्र देऊ नये. मात्र मिटत नसलेला डोळा उघडा ठेवून रुग्णास घरी पाठवू नये. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून वर पट्टी, एवढे त्याच्या नातलगांस समक्ष करून दाखवावे.