तळपायावरचा काळा डाग

तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग येतो, दुखत नाही, म्हणून आपण त्याला कुरूप नाहीतर जुनी ठेच समजतो. तो वाढत असेल, चिघळत असेल, तर मेलानोमा हा कातडीचा कॅन्सर असू शकतो. सावळ्या लोकांत तो क्वचितच होतो, पण झाला तर बरेचदा इथेच. उन्हाचा त्यात फारसा हात नसतो. गायक बॉब मार्लेला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात हाच निघाला, १९८१ मध्ये तो गेला.

मुख्य इलाज ऑपरेशन. डागाभोवतीची एक-दोन सेंटिमीटर चांगली कातडीही काढतात. नखाखाली असेल तर कधी बोटाचा शेंडा जातो. जांघेतली गाठ तपासतात. पसरला असेल तर प्रतिकारशक्तीला जागं करणारी इम्युनोथेरपी सलाइनमधून देतात. ती फार महाग, आणि या प्रकारात कमी लागू पडते. तपासणीत 'किट' जनुकात बदल सापडला, तर इमॅटिनिबच्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो. त्या जेनेरिक मिळतात.

म्हणून लवकर काढलेला बरा. ब्लेडने खरवडू नका, अ‍ॅसिड लावू नका. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हे आम्ही वस्तीत फार ऐकतो. ते खरं नाही, तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या चर्मरोग विभागात जा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.