गंजिफा खेळायची कशी?

बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसले, की खाडीपलीकडे गोराई. कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचे हे गाव. तिथे माझा एक विद्यार्थी राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या घरी गेलो, तो जेवणाच्या टेबलावर युद्ध मांडलेले! बोटभर उंचीचे पुतळे : बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर, केसांच्या जागी साप असलेली मेदुसा, ढाल उचललेला पर्सियस. प्रत्येकाचे बळ किती, चाल किती, हे ठरलेले. हल्ला झाला की निकाल फाशांवर. मेदुसाच्या दृष्टीस पडलेला मोहरा दगड होऊन जागीच थांबतो. ज्याने ग्रीक पुराण कधी ऐकले नाही त्यालाही ही कथा दोन डावांत कळते. कारण ती पुतळ्यात आहे तितकीच नियमांत आहे.

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अरे, पुराणावरचा खेळ आपल्याकडेही आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा! माझ्या घरी तिचा संच आहे."

"मग पुढच्या वेळी आणा की, सर. खेळतात कशी?"

मी गप्प. त्या संचातले दहा राजे माझ्या भिंतीवर काचेच्या चौकटीत, आणि उरलेली पाने बारा वर्षे डब्यात बंद! आता तुम्हीच सांगा, ज्याची पाने भिंतीवर टांगली त्याला खेळ म्हणायचे कसे?

घरी येऊन डबा उघडला आणि अभ्यासाला बसलो. गंजिफा मुळात इराणकडची. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला ती धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग, ९६ पाने. आपल्या लोकांनी तिच्यात विष्णूचे दहा अवतार बसवले. दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२०. पाने गोल. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर रंग आणि लाख चढवायची, अशी ती जुन्या रीतीने करीत. राजा आणि प्रधान या दोन पानांवर चित्रे. बाकीच्या दहांवर एकापासून दहापर्यंत खुणा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाच्या कुऱ्हाडी. अक्षर न येणारालाही पान वाचता यावे!

ही कला विझत चालली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात चित्रकारांना बसवून पुन्हा चालू केली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे पाने वाचली. खेळ वाचला का, हा प्रश्न माझ्यासारख्या गिऱ्हाइकांना विचारायचा.

खेळ तिघांचा, प्रत्येकी ४० पाने. पत्त्यांसारखेच हात करायचे. हुकमाचा रंग मात्र ठरलेला नसतो. प्रत्येक रंगातले राजा, प्रधान खाली पडले, की उरलेल्यांत जे सर्वांत मोठे तेच त्या रंगाचे हुकूम. तेव्हा गेलेली पाने ध्यानात ठेवणे हीच खरी विद्या. त्यातही गंमत आहे. राजा आणि प्रधान सगळीकडे वरचढ. पण पाच रंगांत त्यांच्याखाली दहा मोठा, आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दहा सर्वांत हलका. आणि पहिले पान कुणी टाकायचे? दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती राम, त्याने. रात्री ज्याच्या हाती कृष्ण, त्याने. रामजन्म भर दुपारचा, कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे मुलाला निराळे शिकवायला नको.

गुरुजींनो, खरा संच महाग, तो वर्गात आणू नका. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या वाटीएवढ्या ४८ चकत्या कापा. मत्स्य, कूर्म, राम आणि कृष्ण एवढे चारच रंग घ्या. चित्रे मुलांनाच काढू द्या, वाकडी आली तरी चालतील. तिघांना सोळा-सोळा पाने येतात. दोन रंगांत दहा मोठा धरा, दोनांत एक्का. पहिल्या दिवशी भांडणे होतील. होऊ द्यावीत!

आमचीही झाली. चौकट फोडून दहा राजे डब्यात घातले आणि गोराईला गेलो. विद्यार्थी, त्याचा धाकटा भाऊ आणि मी. पाने वाटून होईपर्यंत सूर्य समुद्राला टेकलेला. राम माझ्याकडे, कृष्ण धाकट्याकडे. मी म्हणे दिवस आहे, तो म्हणे रात्र झाली. शेवटी आत मेरीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, "दिवेलागण झाली, सर. कृष्णाला खेळू द्या."