कडब्याच्या गंजीतली पिल्लं

ज्वारीची काढणी आटोपली, की धाराशिव जिल्ह्यात कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात आणि त्याच सुमारास त्यांच्या सांदीत मांजरी वितात. हा मेळ मोठा सुंदर आहे. संक्रांतीच्या आधीपासूनच दिवस मोठा होऊ लागलेला असतो. वाढता उजेड मांजरीला माजावर आणतो. गाभणकाळ 63 ते 65 दिवसांचा. तोवर कोरड्या, उबदार कडब्याचा आडोसा तयार असतो!

गंजीत पिल्लं दिसली म्हणून लगेच उचलू नयेत. आई शिकारीला गेली असेल किंवा जागा बदलत असेल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. काही तास दुरून पाहावं. ती आलीच नाही, तर मात्र तिची कामं आपल्या अंगावर येतात आणि एकेक नवल समोर येऊ लागतं.

जन्मलेलं पिल्लू जेमतेम 100 ग्रॅमचं. डोळे मिटलेले, कान बंद, आणि स्वतःचं अंग गरम ठेवायची ताकद नाही. म्हणून दुधाआधी ऊब! गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते त्याच्या जिवावर बेततं. खोक्यात सुती कापड अंथरावं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी. उकडलं की पिल्लू आपसूक तिकडे सरकतं.

गाईच्या दुधानं त्याला हगवण लागते. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर कालवून, पिल्लाला पालथं धरून, दर दोन-तीन तासांनी पाजावी. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

सगळ्यात मोठं आश्चर्य पुढं आहे. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन लघवीही करता येत नाही. आई पोटाखाली चाटते, तेव्हाच होते. तीच सगळं चाटून साफ करते, म्हणून बिछाना कोरडा राहतो. आपण कोमट पाण्यात कापूस बुडवून हलकेच फिरवायचा. काही क्षणांत कापूस पिवळसर होतो आणि पिल्लाचं ताणलेलं पोट सैलावतं. रोज काट्यावर दहा-पंधरा ग्रॅम वाढ दिसली, की समजावं, सगळं ठीक चाललंय.

मग दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात खरी किमया घडते. जगातली सगळी पाळीव मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसानं धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजरं. पण इतकी जुनी ही दोस्ती रक्तातून आयती मिळत नाही. प्रत्येक पिल्लू ती या पाच आठवड्यांत नव्यानं शिकतं. तेव्हा माणसाचा हात लागला नाही, तर पुढं ते बहुधा बुजरंच राहतं. म्हणून या दिवसांत त्याला मांडीवर घ्यावं, त्याच्याशी बोलावं, मिक्सरचा आवाज ऐकवावा, घरातल्या प्रत्येकाच्या हातांची ओळख करून द्यावी.

आठ आठवड्यांनंतर, पहिली लस टोचून, शक्यतो भावंडांची जोडी एकाच घरी द्यावी. मांजर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, त्यामुळे वेळेत नसबंदी करण्याचा शब्द नव्या घराकडून घ्यावाच. पिल्लू देताना जीव तुटतो, पण अनोळखी माणसाकडे ते न बिचकता जातं, हेच आपल्या कामाचं यश. शिवाय आपल्या घरातली जागा पुढच्या पोरक्या पिल्लासाठी मोकळी होते.