मोहाचें फूल : अन्न आणि मद्य

द्राक्षांपासून तांबडें मद्य होतें, हें सर्वश्रुत आहे. आर्जेंटिनांतील मेंडोझा प्रांतांत, अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं, सुमारें हजार मीटर उंचीवर व त्याहूनही वर द्राक्षमळे आहेत. तेथें दिवसा ऊन प्रखर आणि रात्रीं गारवा. त्यामुळें फळांत साखर भरते, आंबटपणा टिकतो व सालीस गडद रंग चढतो. रस आंबतांना साली त्यांतच ठेवतात, म्हणून तो रंग व तुरटपणा मद्यांत उतरतो. चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यांत असे मळे नाहींत. परंतु साखरेचें दुसरें एक भांडार तेथील झाडांवरच आहे. तें म्हणजे मोहाचें फूल.

मोह हा पानझडी अरण्यांतील मोठा वृक्ष. फाल्गुन-चैत्रांत जुनीं पानें झडलीं, कीं फांद्यांच्या टोकांस फुलांचे झुबके येतात. फुलाचा मांसल, फिकट पिवळसर भाग रात्रीं सुटतो आणि पहांटे झाडाखालीं सडा पडतो. उजाडतांच स्त्रिया व मुलें टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला तर हरणें, अस्वलें आणि गुरें आपला वांटा उचलतात. पाचोळ्यांत फुलें दिसावींत म्हणून कित्येकदां झाडाखालीं आग लावतात, आणि तीच पसरून वणवा होतो. झाडाखालीं जाळें बांधल्यास हें टळतें. उन्हांत वाळविलेलीं फुलें मनुक्यांसारखीं आकसून पुष्कळ दिवस टिकतात. वजनानें सुमारें निम्मा भाग साखरच असल्यानें धान्य सरल्यावर तीं शिजवून वा भाजून खातात, आणि विकून मीठ-मिरचीची सोय करतात.

साखर तेथें किण्व, हा निसर्गाचा नियम आहे. द्राक्षाचा रस आपोआप आंबतो. वाळलेलीं मोहफुलें पाण्यांत भिजवून कांहीं दिवस ठेवावीं लागतात. सूक्ष्म जीव साखरेचें मद्यार्क करतात आणि बुडबुडे उठूं लागतात. द्राक्षमद्य येथेंच थांबतें. मोहाचें आंबवण मात्र भट्टीवर तापवून, निघालेली वाफ थंड पाण्यानें निववून थेंब थेंब गोळा करतात. म्हणून तें रंगहीन व अधिक तीव्र असतें. माडिया व इतर गोंड लोकांत देवकार्यांत, लग्नांत आणि मृताच्या विधींत त्यास मान आहे. परंतु विक्रीसाठीं चोरून गाळणारे गूळ व नवसागर घालूं लागले, आणि विधीचें पेय रोजचें व्यसन झालें.

सरकारची दृष्टि या फुलावर जुनीच आहे. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहफुलांच्या सांठ्यावर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. त्याच २०२१ सालीं राज्य सरकारनें मोहफुलें गोळा करण्यावरील व बाळगण्यावरील निर्बंध सैल केले.

फूल दोषी नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें. गडचिरोलींतील दारूबंदीच्या चळवळींत खेड्यांतील स्त्रिया अग्रभागीं होत्या. पहांटे टोपली घेऊन फुलें वेंचणाऱ्याही स्त्रियाच. घरीं येणारें धान्य आणि घर बुडविणारा पेला एकाच झाडाखालून येतो, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? म्हणून त्यांची मागणी झाड तोडण्याची नव्हे, भट्टी विझविण्याची होती.